चमचासुद्धा मागे ठेवू नका

१२ फेब्रुवारी १९८३

प्रिय यायिया,

पत्राला उशीर झाला, ओरडू नकोस. इथे बर्फ इतका पडलाय की वसतिगृहाचं दार उघडायला दोघी लागतात.

आमच्या लेखनाच्या वर्गात प्रत्येकाने एक कथा लिहायची आहे. सर म्हणाले, कथेची जागा अशी उभी करा की वाचणाऱ्याला आपण तिथेच बसलोय असं वाटलं पाहिजे. अर्ध्या वर्गाने समुद्रकिनारा घेतला. मी महामार्गावरची आपली खाणावळ, आपला डायनर घेतला. म्हटलं, मी तर तिथेच वाढले, मला काय कठीण! पण लिहायला बसले तर हाती काय लागलं? स्टीलच्या भिंती, लाल गोल स्टुलं, कॉफी. हे तर रस्त्याने जाणारा कुणीही लिहील.

तू सांग ना, आपल्या डायनरमध्ये नेमकं काय असतं? बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "पायदुखी असते."

तुझी,
झेनिया


२० फेब्रुवारी

माझ्या नावाच्या पोरी,

पत्र मिळालं. तुझं ग्रीक वाचून मी पोट धरून हसले, पण हसले ते आनंदाने. आमच्या बेटावरची शाळा मी तिसरीत सोडली, तेव्हा तुझ्या चुका काढणारी मी कोण? पोलिक्सेनीची झेनिया का होईना, नात आजीचं नाव चालवते आणि वर त्याच नावाने कथा लिहिते म्हटल्यावर मी सकाळी येईल त्याला सांगत सुटले. ऑर्डरी घेता घेता डोरीन म्हणाली, "राजा, आता तू लोकांना कॉफी देणार की मिठाई वाटणारेस?" ती सगळ्यांना राजा म्हणते. ट्रकवाल्यांना, पोलिसांना, आपल्या पाद्रीबाबांनासुद्धा. पहिल्यांदा बिचारे कॉफीत बुडायचे राहिले.

काय असतं विचारतेस. काउंटरवर एकटी माणसं बसतात, खिडकीजवळच्या बाकांवर भांडणारी. हे आधी लिही. एकट्या माणसाला समोर कुणीतरी हलतं-बोलतं लागतं, म्हणून तो तव्याकडे तोंड करून बसतो. नवरा-बायको बाकावर बसतात, कारण तिथे पाठ उंच असते आणि शेजारच्याला अर्धंच ऐकू जातं. उरलेलं अर्धं डोरीन कॉफी भरायला जाऊन ऐकून येते आणि मला सांगते. कप अर्धा व्हायच्या आत भरायचा. रिकामा कप दिसला की माणसाला घरी जायची आठवण येते.

आणि पाटी. तुझ्या आजोबांनी हौसेने आपल्या बेटाचं नाव दिलं, 'निसिरोस डायनर'. एकाही गिऱ्हाइकाच्या जिभेला ते झेपलं नाही. सगळे म्हणतात 'निकीज'. निकी कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. मानोलिस तर मरेपर्यंत सांगत राहिला, "निकी नाही हो, बेट आहे ते!" आणि लोक म्हणायचे, "बरं बरं निकी, जरा बटाटे वाढ."

काय सांगत होते? हां. हॅग्स्ट्रॉम येऊन गेला. धाकटा. थोरला, त्याचा काका, गेला बिचारा, दर शुक्रवारी मसुराचं सूप प्यायचा आणि ब्रेडने वाडगा पुसून काढायचा. जमीन त्यांची, डायनर आपला, असं पहिल्यापासून आहे. तर हा धाकटा, ज्याने माझ्याकडे कधी पाण्याचा ग्लास घेतला नाही, तो म्हणतो मे अखेर करार संपतोय, पुढे मिळणार नाही. कोपऱ्याची जागा आहे, तिथे बँक येणार.

तुझ्या बापाला तर उकळ्या फुटल्या. म्हणाला, "आई, झालं ते बरंच झालं. आमच्याकडे खोली तयार आहे. खिडकीत खुर्ची टाकतो, टीव्ही ठेवतो, समोर बाग. आता बस नुसती."

मी म्हटलं, "पांतेली, मी बसायला लागले की समज मी गेले."

मी जाणार नाही, झेनिया. कशी जाणार नाही ते माहीत नाही. पण नाही जाणार. तू तुझी कथा लिही, आणि गोडात फक्त भट्टीतला सफरचंदाचा पाय नको लिहूस, सगळे तेच लिहितात. आपल्याकडचा दालचिनी घातलेला दूधभातही लिही.

डोकं झाकून बाहेर पड.

तुझी यायिया,
पोलिक्सेनी


१४ मार्च

प्रिय यायिया,

कथा झाली! सोबत तुझ्यासाठी ग्रीकमध्ये करून पाठवतेय. एक प्रत बाबांनाही पाठवली. तू सांगितलेलं सगळं घातलंय. काउंटर, बाक, कप, दूधभात, डोरीनचं राजा. वर्गात पहिली पानं वाचून दाखवली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मला भूक लागली." यापेक्षा मोठी शाबासकी नको.

शेवट जरा जड आहे. हॅग्स्ट्रॉमचं वाचल्यावर मला रात्रभर तेच दिसत होतं. म्हणून शेवटी यंत्र येतं, डायनर पाडतं, आणि म्हातारी मुलाच्या घरी खिडकीतल्या खुर्चीत बसून बागेकडे बघत राहते. सर म्हणाले, हा शेवट अटळ वाटतो.

यायिया, तू पत्रात हसत होतीस, पण मला कळलं की आतून तू तयारी केली आहेस. हे तुझ्याचसाठी लिहिलंय. निरोपाचं म्हणून.

तुझी,
झेनिया


२५ मार्च

पोरी,

आज देवदूताचा सण, म्हणून उपासात मासे चालतात. तळलेला कॉड आणि लसणीची चटणी खाऊन बसलेय, त्यामुळे अंगात जोर आहे. नाहीतर हे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस म्हणजे काय सांगू! दिवसभर गिऱ्हाइकांसाठी बेकन परतायचं आणि आपण घेवडा आणि ऑलिव्ह खायचे. काल वासानेच माझा उपास मोडला असेल, देवालाच ठाऊक.

कथा वाचली. दोनदा. पहिली पानं इतकी झकास की मी स्वतःलाच ऑर्डर दिली. एका जागी लिहिलंयस, 'तळणीच्या तेलाचा आणि उदासीचा वास.' डोरीनला ग्रीक येत नाही, तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "उदासी? ती कुठल्या कढईत तळतेस गं राजा? मला कधी दिसली नाही."

आणि मग शेवटचं पान! मला खुर्चीत बसवलंस? माझ्याच नावाच्या पोरीने? मी तयारी केली आहे असं तुला कुठल्या ओळीत दिसलं? मी 'जाणार नाही' लिहिलं, तेही दोनदा. तू कॉलेजात काय वाचायला शिकतेस?

तुझा बाप तुझी कथा घेऊन इथे आला. डोळे पुसत होता. भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. म्हणाला, "बघ आई, पोरीलासुद्धा कळतंय." त्याने तुझ्या कथेतली खुर्ची खरंच विकत आणली आहे. निळ्या गाद्यांची. मागे रेललं की पाय आपोआप वर येतात. मी त्याला दूधभात दिला आणि म्हटलं, "तू बस त्यात. इतकं रडतोस म्हणजे दमला असशील."

तो रडत असतानाच हॅग्स्ट्रॉम आला. सगळ्यांच्या देखत, टोपी न काढता म्हणाला, "मिसेस पी, मला जमीन मोकळी हवी. पाडायचा खर्च मी करणार नाही. जे जे तुमचं आहे ते उचला. चमचासुद्धा मागे ठेवू नका."

नुसता तवा चरचरत होता. आणि काउंटरच्या टोकाशी बसलेला काझिमिर हसायला लागला. काझिमिर तुला आठवत नसेल. पोलंडचा, केवढा धिप्पाड! त्याचा धंदा म्हणजे अख्खी घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणं. हॅग्स्ट्रॉम गेल्यावरही त्याचं हसू थांबेना. मला राग आला. म्हटलं, "काय झालं रे दात काढायला?"

म्हणाला, "बाईसाहेब, तो काय म्हणाला ऐकलंत ना? जे जे तुमचं आहे ते उचला. मग उचलू या की."

"काय उचलू या?"

"हा." त्याने काट्याने छताकडे दाखवलं. "ही काय इमारत आहे? हा डबा आहे. आला कसा होता इथे?"

झेनिया, मी विसरले होते! पुढे मानोलिसने दगडी पायऱ्या केल्या, मागे विटांचं स्वयंपाकघर बांधलं, कुंड्या ठेवल्या, आणि मी चक्क विसरले की हा डायनर कारखान्यातून तयार होऊन, ट्रकवर बसून आला होता. मी आणि मानोलिस रस्त्याच्या कडेला उभे राहून वाट बघत होतो आणि तो वळणावरून आला, उन्हात असा चमकत, जणू आगगाडी रूळ चुकलीय. तुझा बाप माझ्या पोटात होता. मी त्या चमकत्या डब्याकडे बघून तीनदा थुंकले, दृष्ट लागू नये म्हणून. आणि आता मीच त्याला भिंती समजून बसले होते. हॅग्स्ट्रॉमही तेच समजला, तुझा बापही, तूही.

काझिमिर तसाच फरशीवर पालथा झोपला आणि खालच्या फटीत बॅटरी मारून बघून आला. कपडे काळे, चेहरा उजळलेला. म्हणाला, "खालचं लोखंड चांगलं आहे. मागचं स्वयंपाकघर सोडावं लागेल, ते विटांचं आहे. पण पुढचा डबा येईल."

स्वयंपाकघर सोडायचं म्हटल्यावर मी नाहीच म्हणणार होते, खोटं नाही सांगत. माझी मोठी भट्टी तिथे आहे. पण पहिली काही वर्षं मी सगळं काउंटरमागच्या तव्यावरच करत होते. पुन्हा करीन.

"उचलून न्यायचं कुठे?" मी विचारलं.

डोरीन टेबल पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "राजा, रस्त्यापलीकडे माझ्या बापाचा बंद पडलेला पेट्रोल पंप आहे. तिथे गवताशिवाय काही उगवत नाही. ठेव तुझा डबा."

रस्त्यापलीकडे, झेनिया! हॅग्स्ट्रॉमच्या नाकासमोर!

बापाला एक अक्षर बोलू नकोस. आणि ते शेवटचं पान फाड.

तुझी यायिया,
पोलिक्सेनी


६ एप्रिल

यायिया,

फाडलं. खुर्चीबद्दल माफ कर. मी तुझं 'नाही जाणार' वाचलं होतं गं, पण मला वाटलं, माणसं असंच म्हणतात आणि मग जातात.

पण मला भीती वाटतेय. तो महामार्ग आहे. चार पदरी. दुभाजक आहे. डबा मध्येच तुटला तर? बाबा म्हणतील मी तुला फूस दिली. सर म्हणतात खऱ्या आयुष्यात गोष्टी अशा सुटत नाहीत.

पण तरी कर. मी इथून काय करू, ते सांग.

तुझी,
झेनिया


२४ मे

माझ्या नावाच्या पोरी,

आधी सांगते, मी ठणठणीत आहे. आता ऐक. एका दमात लिहितेय, अक्षर लावून घे.

परवाच्या रविवारी सकाळी पोलिसांनी रस्ता अडवला. परवानगी काझिमिरने काढली होती. त्यासाठी कचेरीत त्याने कुणाकुणाला माझा सफरचंदाचा पाय नेऊन दिला, ते मी विचारलं नाही. आठवडाभर आधीपासून आम्ही सामान काढत होतो. मागच्या स्वयंपाकघराच्या विटासुद्धा उचलल्या. मी निक्षून सांगितलं होतं, त्याने चमचा मागे ठेवू नका म्हटलंय, तर मी वीटही ठेवणार नाही. खाली लोखंडी तुळया सरकवल्या, चाकं लावली. जमिनीपासून सुटताना डबा असा कण्हला की डोरीनने माझा दंड धरला. अजून वळ आहे.

तोवर कुणीतरी तुझ्या बापाला कळवलं. गाडीतून उतरला तो पायात सपाता, अंगात झोपायचा सदरा. "आई! हे काय चाललंय!"

"जाणार नाही म्हणाले होते ना," मी म्हटलं. "मी नाही जात. तो जातोय."

"तू वेडी झाली आहेस! मध्येच मोडला म्हणजे? लोक हसतील!"

"मोडला तर रस्त्यात मोडेल, पांतेली. हॅग्स्ट्रॉमच्या यंत्राखाली नाही मोडणार."

तेवढ्यात हॅग्स्ट्रॉम आला. लाल झाला होता, उकडलेल्या खेकड्यासारखा. पोलिसाला म्हणतो, थांबवा हे. पोलीस म्हणजे आपला रोजचा, अंडी विस्कटून खाणारा. त्याने विचारलं, "मिस्टर हॅग्स्ट्रॉम, हा डबा तुमचा आहे का?" नाही म्हणाला. "मग जमीन उचलून नेतायत का?" मी पुढे होऊन म्हटलं, "तुमचे काका असते तर त्यांना सूप दिलं असतं. तुम्ही जमीन बघून घ्या. झाडूनसुद्धा दिली आहे."

आणि डबा निघाला. अगं, किती हळू! मी शेजारून चालत होते आणि मला थांबून थांबून चालावं लागत होतं. चारी पदर मोकळे. दोन्हीकडे गाड्या खोळंबलेल्या, माणसं बाहेर येऊन टपावर चढलेली. दुभाजकाचा एक तुकडा काझिमिरने आधीच काढून घेतला होता. तिथे चाक अडलं. डबा कलला. आतून काहीतरी खळ्ळकन फुटलं. मला मानोलिस आठवला नाही, देव आठवला नाही. मी काझिमिरवर ओरडले, "ओढ! बघतोस काय, ओढ!"

त्याने ओढलं. आणि झेनिया, मागून ढकलणाऱ्या माणसांत मला सदरा दिसला. तुझा बाप! सपाता कुठेतरी पडलेल्या, अनवाणी, आणि खांदा लावून ढकलतोय. त्या चाकांना त्याच्या खांद्याने काय होणार होतं? काही नाही. पण ढकलत होता, आणि बेटावरच्या कोळ्यांसारख्या शिव्या देत होता. त्या त्याला कुणी शिकवल्या, देव जाणे.

डबा पलीकडे पोचला. पंपाच्या फरशीवर बसला तेव्हा पाद्रीबाबांनी आपल्या रीतीप्रमाणे तुळशीच्या काडीने चारी बाजूंना पाणी शिंपडलं. आता नव्या जागेत पहिलं पाऊल कुणाचं? तू जाणतेस, पहिलं पाऊल चांगल्या पायगुणाच्या माणसाचं लागतं, आणि उजवं. काझिमिर पुढे झाला होता, त्याचा हक्कच होता. डोरीनचाही होता, जमीन तिची. पण मी म्हटलं, "पांतेली, तू चल."

"मी? आई, मी तर विरोधात होतो."

"म्हणूनच. उजवा पाय."

पाय काळेकुट्ट, त्यातला उजवा घाबरत घाबरत आत टाकला. आत गेला, एका स्टुलावर बसला, आणि काउंटरवर डोकं ठेवून हसायला लागला. मीही हसले. फुटलं काय होतं, तर सफरचंदाचे पाय ठेवायचं काचेचं कपाट. फुटू दे.

वीज यायची आहे. गॅस जोडायचा आहे. बँकेपेक्षा आधी मी उघडणार. आता तू शेवट लिही.

तुझी यायिया,
पोलिक्सेनी


६ जून

प्रिय यायिया,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि त्याच दिवशी शेवट लिहिला. रस्ता, दुभाजक, अनवाणी बाबा, सगळं. बाबांचा फोनही आला होता. खांदा दुखतोय म्हणाले, आणि ते इतक्या अभिमानाने म्हणाले की मला हसू आवरेना.

पण शुक्रवारी वर्गात वाचलं तर सगळे म्हणाले, पटत नाही. एक मुलगी म्हणाली, पाडलेला शेवटच खरा वाटत होता. दुसरा म्हणाला, डायनर रस्ता ओलांडतो ही कल्पना छान, पण स्वप्न म्हणून लिही. सरही म्हणाले, म्हातारीला जिंकवायची लेखिकेला घाई झाली आहे, जुना शेवट ठेव. मी म्हटलं, "पण हे घडलंय." ते म्हणाले, "घडलं म्हणून कथेत चालतं असं नाही."

मी भांडले नाही. खोलीवर येऊन रडले. खरं सांग, मी काय करू? जुना शेवट दिला तर वर्षअखेरच्या अंकात छापणार आहेत.

तुझी,
झेनिया


१४ जून

पोरी,

घाईत लिहितेय, काउंटर भरलाय. आठवड्यापूर्वी उघडलं. मोठी भट्टी नाही, म्हणून सफरचंदाचा पाय सध्या डोरीन घरून करून आणते. तो खारट होतो, पण लोक खातात. पाटी अजून लावलेली नाही, तरी लोक दारातून 'निकी' अशी हाक मारत आत येतात.

पलीकडे हॅग्स्ट्रॉमची बँक बांधायला माणसं आली आहेत. दुपारची शिटी झाली की सगळी टोपीवाली फौज रस्ता ओलांडून माझ्याकडे येते. काल त्यांचा मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही आधी आमच्या खड्ड्यावर होता म्हणे?" मी म्हटलं, "हो. मी झाडून दिला होता, तुमच्या मालकाने तसाच ठेवलाय का बघा."

तुझा बाप रोज ऑफिसच्या आधी येतो. निळी खुर्ची त्याने स्वतःच घेतली आहे, पाय वर करून बातम्या बघतो. त्याला शोभते.

आता तुझं. सरांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना जे पटत नाही ते त्यांना पटत नाही. मलाही चार महिन्यांपूर्वी पटलं नसतं, तेव्हा मी भिंती बघत होते. छापून यायची हौस मला कळते. माझं नाव छापलेलं मलाही बघायचंय, ते तुझंच आहे. पण मला त्या खुर्चीत बसवून छापू नकोस. पाडलेल्या डायनरसकट आलेला अंक मी काउंटरवर ठेवणार नाही, सांगून ठेवते.

नाही छापलं तर पानं इकडे पाठव. मी खिडकीला चिकटवीन, त्या रिकाम्या जागेसमोर, म्हणजे वाचणाऱ्याने वाचता वाचता मान वर करावी आणि डायनर कुठून आला ते बघावं.

आणि वर्गात पुन्हा वाचायची वेळ आली तर उभी राहून वाच. कुणी म्हणालं पटत नाही, तर थांबू नकोस, समजावू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस. पुढचं वाक्य वाच.

तुझी यायिया,
पोलिक्सेनी